राजाजींचे राज्यकारण : धान्याचा बाजार आणि खेड्यातील शाळा

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १० एप्रिल १९५२ रोजी मद्रास राज्याच्या मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांनी वयाची त्र्याहत्तर वर्षे ओलांडली होती. गव्हर्नर जनरलच्या आसनावर बसलेला एकमेव भारतीय हा मान त्यांना मिळून चुकला होता. केंद्रात गृहमंत्रिपद सांभाळून ते मद्रासला परतले होते आणि सार्वजनिक जीवनात मिळवण्यासारखे त्यांच्यापुढे काही शिल्लक राहिले नव्हते. अशा पुरुषाने एका राज्याच्या विधिमंडळात, तेही बहुमत गमावलेल्या पक्षाचा नेता म्हणून, पुन्हा प्रवेश करावा ही घटनाच असाधारण होती. त्यानंतरची दोन वर्षे तर अधिकच असाधारण ठरली. या दोन वर्षांत राजाजींनी शासनाचा हात दोन ठिकाणांहून मागे घेतला. एक ठिकाण धान्याच्या बाजाराचे, दुसरे खेड्यातील प्राथमिक शाळेचे. पहिल्या निर्णयाने त्यांची कीर्ती देशभर झाली. दुसऱ्याने त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले.

इंग्रजीतील ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाला मराठीत ‘पुराणमतवादी’ असा प्रतिशब्द रूढ आहे, आणि त्यामुळे एक घोटाळा होतो. पुराणमतवादी म्हटले की सोवळेओवळे पाळणारा, सुधारणेला विरोध करणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. राजाजी या अर्थाने पुराणमतवादी मुळीच नव्हते. त्यांची कन्या लक्ष्मी हिचा विवाह १९३३ साली महात्मा गांधींचे पुत्र देवदास यांच्याशी झाला, तो आंतरजातीय होता. त्यांच्याच राजवटीत, १९३९ साली, मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा मार्ग कायद्याने मोकळा करण्यात आला. तरीही राज्यकारभाराच्या दृष्टीने ते भारतातील अव्वल दर्जाचे कॉन्झर्व्हेटिव्ह होते. शासनाची शक्ती मर्यादित असते, तिजोरीत आहे त्याहून अधिक खर्च करणे हा अधर्म आहे, आणि समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उभी केलेली व्यवस्था एका फर्मानाने मोडू नये, या तीन गोष्टींवर त्यांची अढळ श्रद्धा होती. या श्रद्धेचे बळ आणि तिची मर्यादा या दोहोंचा जितका स्वच्छ पडताळा मद्रासच्या विधिमंडळात मिळतो, तितका पुढे त्यांनी स्थापन केलेल्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत मिळत नाही.

दारूबंदी आणि विक्रीकर

राजाजींची विधिमंडळातील पहिली कारकीर्द १९३७ ते १९३९ या काळातील. १९३५ च्या कायद्याखाली झालेल्या निवडणुकीत मद्रासच्या विधानसभेतील २१५ जागांपैकी १५९ काँग्रेसने जिंकल्या आणि जुलै १९३७ मध्ये राजाजी प्रांताचे प्रमुख झाले. मुंबईत त्याच सुमारास बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले होते. १ ऑक्टोबर १९३७ पासून राजाजींनी आपल्या सालेम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली आणि पुढे ती इतर काही जिल्ह्यांत नेली. दारूबंदी हा काँग्रेसचा जुना संकल्प होता. पण अबकारी उत्पन्न हा प्रांतिक महसुलाचा फार मोठा भाग होता. दारू बंद करावयाची तर ही तूट कोठून भरून काढावयाची, हा प्रश्न प्रत्येक काँग्रेस मंत्रिमंडळापुढे उभा राहिला. मुंबईने शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसवला. मध्यप्रांत व वऱ्हाडने १९३८ साली पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर कर आकारला. राजाजी याहून पुढे गेले. १९३९ साली मद्रासने सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. ठराविक उलाढालीच्या वर असलेल्या व्यापाऱ्याने प्रत्येक विक्रीवर अगदी अल्प दराने कर भरावा, अशी त्याची योजना होती. अशा प्रकारचा भारतातील हा पहिला कायदा होय.

या एका कायद्याचे महत्त्व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि व्यापारी वर्ग हा तर राजाजींच्या राजकारणाचा स्वाभाविक पाठीराखा. तरीही ते ढळले नाहीत. जी सुधारणा करावयाची तिची किंमत त्याच अंदाजपत्रकात मांडावयाची, कर्जाच्या किंवा आशेच्या भरवशावर ती सोडावयाची नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढे मुंबई प्रांताने १९४६ साली विक्रीकर स्वीकारला, हळूहळू सर्व राज्यांनी तो स्वीकारला, आणि राज्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा तो कणा बनला. महाराष्ट्रात २००५ साली त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंच्या बाबतीत तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. शासनाचा आकार लहान असावा असे म्हणणाऱ्या नेत्याच्या हातून राज्यशासनांच्या विस्ताराला सर्वाधिक द्रव्य पुरवणारे साधन निर्माण झाले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. ज्या दारूबंदीसाठी हा कर आला ती १९७१ साली द्रमुक सरकारने उठवली. वृद्ध राजाजींनी मुख्यमंत्री करुणानिधी यांना व्यक्तिशः विनवूनही ती उठली. कर मात्र राहिला.

याच कारकिर्दीत १९३८ सालचा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९३२ पूर्वी काढलेल्या शेतकऱ्यांच्या कर्जावरील थकलेले व्याज त्याने रद्द केले. मुद्दलाच्या दुप्पट रक्कम आधीच फेडली गेली असेल तर सारे कर्जच फिटले असे मानले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परिचित असलेल्या दामदुप्पटीच्या जुन्या न्यायाचेच हे तर्कशुद्ध रूप होते. खाजगी कराराचे पावित्र्य मानणाऱ्या नेत्याने हे पाऊल उचलले, कारण व्याजाच्या डोंगराखाली शेतकरी नाहीसा झाला तर जी ग्रामव्यवस्था टिकवावयाची तीच नाहीशी होईल, हे त्याला दिसत होते.

मात्र याच वर्षी त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजूही उघडी पडली. १९३८ साली त्यांनी १२५ माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली. तमिळ भाषिकांनी निदर्शने केली, तेव्हा त्यांनी शेकडोंना तुरुंगात धाडले. दोन तरुण निदर्शकांना कैदेतच मृत्यू आला. मंत्रिमंडळ गेल्यावर १९४० साली गव्हर्नरने ती सक्ती रद्द केली. एखादी गोष्ट बुद्धीला पटली की लोकांना ती पटवून देण्यात वेळ दवडावयाचा नाही, ही राजाजींची जुनी खोड होती. पंधरा वर्षांनी ती त्यांना फार महागात पडली.

नामनियुक्तीच्या दाराने

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रासमध्ये काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या. मावळते मुख्यमंत्री कुमारस्वामी राजा स्वतः पराभूत झाले. कम्युनिस्टांचे ६२ सदस्य निवडून आले आणि टी. प्रकाशम यांच्या नेतृत्वाखाली विरोधकांनी संयुक्त आघाडी उभारून सरकार बनवण्याचा हक्क सांगितला. या पेचातून वाट काढण्यासाठी काँग्रेसने राजाजींना पाचारण केले. राजाजींनी निवडणूक लढवली नव्हती आणि पुढेही लढवण्यास ते तयार नव्हते. राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्यांची विधान परिषदेवर नामनियुक्ती केली आणि लगोलग सरकार बनवण्यास पाचारण केले. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतील जाणत्यांसाठी राज्यघटनेने ठेवलेल्या दाराने मुख्यमंत्र्याने आत यावे, हे अनेकांना रुचले नाही. कम्युनिस्टांनी न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली. छोटे पक्ष आणि अपक्ष यांच्या साह्याने राजाजींनी सभागृहाचा विश्वास संपादन केला.

कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नसेल. पण मतदाराच्या दारात उभा न राहिलेला मुख्यमंत्री ज्या निर्णयांसाठी लोकांच्या संमतीची नितांत गरज असते असे निर्णय घेऊ लागतो, तेव्हा त्याच्या हाती पुण्याईखेरीज दुसरे भांडवल नसते.

धान्यावरील नियंत्रणे उठली

सत्तेवर येऊन दोन महिने होत नाहीत तोच, जून १९५२ मध्ये, राजाजींनी मद्रास राज्यातील धान्यावरील नियंत्रणे आणि शिधावाटप उठवले. हा निर्णय किती धाडसाचा होता, हे समजण्यासाठी आधीची दहा वर्षे डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळानंतर देशभर शिधापत्रिका आल्या. शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने सक्तीची लेव्ही घ्यावयाची, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धान्य नेण्यास बंदी करावयाची आणि शहरांत मोजून शिधा द्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती. डिसेंबर १९४७ पासून गांधीजींच्या आग्रहाने ती सैल करण्यात आली. पण भाव भडकले आणि १९४८ च्या उत्तरार्धात नियंत्रणे पुन्हा आली. म्हणजे नियंत्रणमुक्तीचा एक प्रयोग नुकताच फसलेला होता. त्यात रायलसीमेत अवर्षण होते. नियोजनाचा पुरस्कार करणाऱ्यांना हा निर्णय म्हणजे उघड उघड अविचार वाटला.

राजाजींचा हिशेब निराळा होता. नियंत्रणामुळे धान्य कमी होते ते दोन प्रकारांनी. लेव्हीच्या भीतीने शेतकरी ते दडवतो. आणि पुन्हा मिळेल की नाही या भीतीने गृहिणीदेखील गरजेहून अधिक साठवते. नाक्यानाक्यांवर तपासणी करणाऱ्या कारकुनांची आणि शिपायांची फौज पोसावी लागते ती वेगळीच, आणि तिच्यासमवेत लाचलुचपतही येते. हा पहारा उठवला, तर दडवलेले धान्य आपोआप बाजारात येईल, असा त्यांचा विश्वास होता. केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी त्यांना पाठबळ दिले.

धान्य बाजारात आले. उपासमारीची जी भाकिते वर्तवण्यात आली होती ती खरी ठरली नाहीत. इतर राज्यांनी मद्रासचा कित्ता गिरवला आणि १९५४ साली केंद्राने धान्यावरील उरलीसुरली नियंत्रणेही मागे घेतली. मात्र या यशाचे सारे श्रेय नियंत्रणमुक्तीच्या तत्त्वाला देणे शास्त्रशुद्ध होणार नाही. १९५१-५२ साली देशातील अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ५२० लक्ष टन होते. १९५३-५४ साली ते ७०० लक्ष टनांच्या जवळ पोहोचले. १९५१ साली अमेरिकेने दिलेल्या १९ कोटी डॉलरच्या कर्जातून आलेला गहूही हाताशी होता. पाऊस पडला आणि राजाजींचा निर्णय तरला, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात म्हणूनच तथ्य आहे. पण पाऊस पडण्यापूर्वी निर्णय घेण्याचे धैर्य राजाजींनी दाखवले, हेही तितकेच खरे.

या तत्त्वाची मर्यादा पुढे दिसली. धान्याची टंचाई पुन्हा जाणवू लागताच शासन बाजारात परतले. १९६५ च्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळाचे पहिले जिल्हा कार्यालय उघडले ते तंजावरला, म्हणजे मद्रास राज्याच्या भाताच्या कोठारातच. हे महामंडळ उभारणारे केंद्रीय मंत्री होते सी. सुब्रमण्यम, १९५२ साली राजाजींच्या मंत्रिमंडळात असलेले त्यांचे विश्वासू सहकारी.

बाजाराचे भक्त नव्हेत

नियंत्रणे उठवली म्हणून राजाजी निखळ बाजारवादी होते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. तंजावर जिल्ह्यात कुळे आणि ‘पन्नैयाळ’ म्हणून ओळखले जाणारे सालगडी यांच्यात असंतोष धुमसत होता. कम्युनिस्टांचा तेथे जोर होता. ऑगस्ट १९५२ मध्ये राजाजींनी अध्यादेश काढून सालगड्यांना मनमानी बडतर्फीपासून संरक्षण दिले आणि कुळांना पिकाच्या दोन-पंचमांशाइतका वाटा ठरवून दिला. जमीनदारांना हा घाव वर्मी लागला. हातमागावरील विणकरांसाठी धोतरे आणि साड्या राखून ठेवाव्यात, गिरण्यांनी त्या विणू नयेत, अशी मागणी त्यांनी केंद्राकडे लावून धरली, आणि केंद्राने गिरण्यांच्या धोतरांच्या उत्पादनावर मर्यादा घातली.

मग या साऱ्या निर्णयांतील सूत्र कोणते? खेड्यातील शेतकरी, विणकर आणि सालगडी आपापल्या जागी सुखाने नांदावेत, कर्जाने, गिरणीने किंवा सरकारी शिपायाने त्यांना तेथून हुसकावू नये, हे ते सूत्र होय. जो आहे तेथे त्याला सुरक्षित करावे, ही इच्छा दयाबुद्धीतून आलेली होती. परंतु ‘जो आहे तेथे’ या तीन शब्दांतच पुढील संकटाचे बीज होते.

तीन तासांची शाळा

राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट घालून दिले होते. मद्रास राज्यातील वस्तुस्थिती अशी होती की शाळेत जाण्याच्या वयाची जेमतेम निम्मी मुले शाळेत दाखल होत, आणि पहिलीत आलेल्या मुलांपैकी पाचवीपर्यंत टिकणाऱ्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही आत होते. नव्या इमारती आणि नवे शिक्षक यांना पैसा नव्हता. कर वाढवण्यास राजाजी उत्सुक नव्हते, आणि तुटीचे अंदाजपत्रक त्यांच्या स्वभावात बसत नव्हते.

यातून १९५३ च्या जूनमध्ये ‘सुधारित प्राथमिक शिक्षण योजना’ आली. ती ग्रामीण भागापुरती होती. रोजची पाच तासांची शाळा तीन तासांची करावयाची. मुलांच्या दोन तुकड्या पाडून एक सकाळी आणि दुसरी त्यानंतर बोलवावयाची. त्याच इमारतीत आणि त्याच शिक्षकांकडून दुप्पट मुलांना शिकवता येईल, असा हिशेब होता. शिक्षकाचे काम त्यामुळे पाचाऐवजी सहा तासांचे होई, हे सांगावयास नको. उरलेल्या वेळात मुलाने घरी आई-बापांना त्यांच्या व्यवसायात हातभार लावावा किंवा गावातील कारागिराजवळ बसून त्याचा हुन्नर पाहावा, अशी अपेक्षा होती.

राजाजींच्या दृष्टीने यात कोणावर अन्याय नव्हता. गरीब घरातील मूल शाळा सोडते ते घरी त्याच्या हातांची गरज असते म्हणून. तेव्हा शाळेनेच अर्धा दिवस त्याला मोकळे केले, तर ते शाळेत टिकेल. शिवाय हाताने काम करण्याला प्रतिष्ठा द्यावी, हे तर गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणाचेही सूत्र होते.

पण योजना जाहीर होताच द्रविड चळवळीने तिला एक नाव दिले. ‘कुल कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, जातीचे शिक्षण. पेरियार रामस्वामी आणि द्रमुकचे नेते यांनी रान उठवले. न्हाव्याच्या मुलाने बापाजवळ वस्तरा धरावयास शिकावे, परटाच्या मुलाने कपडे बडवावेत, चांभाराच्या मुलाने कातडे कमवावे. आणि ज्या ब्राह्मणाच्या घरी पिढीजात व्यवसायच लेखणीचा, त्याच्या मुलाने उरलेल्या वेळात काय करावे? तो वाचीलच! म्हणजे तीन तासांच्या शाळेने एकाचे शिक्षण निम्मे होईल आणि दुसऱ्याचे मुळीच कमी होणार नाही. या युक्तिवादाला राजाजींकडे उत्तर नव्हते. योजनेत जातीचा उल्लेख नाही, कोणावर बापाच्या धंद्याची सक्ती नाही, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पण ज्या समाजात धंदा आणि जात एकाच दोरीला बांधलेले आहेत तेथे जातीचा उच्चार न करणारा नियमही जातीचाच नियम होतो.

परुळेकर समितीचा कौल

जुलै १९५३ मध्ये प्रश्न विधानसभेत आला. योजना रद्द करावी या ठरावावर मते समसमान पडली आणि तो फेटाळला गेला. परंतु योजना तूर्त स्थगित ठेवून ती तज्ज्ञांकडे सोपवावी, हा ठराव निसटत्या बहुमताने संमत झाला. त्यानुसार नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर. साक्षरतेच्या प्रसारावर आयुष्यभर चिंतन केलेल्या या मराठी विद्वानाच्या समितीने नोव्हेंबर १९५३ मध्ये अहवाल दिला आणि योजना मूलतः योग्य असल्याचा निर्वाळा दिला.

या निर्वाळ्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. खोल्या इतक्या, शिक्षक इतके, मुले इतकी, असे समीकरण मांडले तर राजाजींचे उत्तर बरोबरच येत होते. पाळी पद्धतीत स्वतःमध्ये काही पाप नाही. महाराष्ट्रातील कितीतरी शाळा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरत आल्या आहेत आणि शिक्षकवर्गाला त्या परिचयाच्या आहेत. पण या शाळा उरलेल्या अर्ध्या दिवसात मुलाने कोणाच्या हाताखाली काय करावे, हे सांगत नाहीत. मद्रासमधील वाद तासांचा नव्हता, उरलेल्या वेळाचा होता. आणि समितीने तासांचा प्रश्न सोडवला.

तज्ज्ञांचा कौल मिळूनही योजना तरली नाही. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य वेगळे झाले आणि विधानसभेचे चित्र पालटले. काँग्रेस पक्षातच बंडाळी माजली. आपल्याला विश्वासात न घेता योजना लादली, ही आमदारांची तक्रार होती. हिंदीच्या सक्तीच्या वेळी दिसलेली खोड येथे पुन्हा नडली. अखेर प्रकृतीचे कारण देऊन राजाजींनी राजीनामा दिला. पक्षाने कामराज यांना नेता निवडले आणि १३ एप्रिल १९५४ रोजी ते मुख्यमंत्री झाले. पुढल्याच महिन्यात सी. सुब्रमण्यम यांनी नव्या मंत्रिमंडळाचे शिक्षणमंत्री म्हणून योजना मागे घेतल्याचे जाहीर केले.

स्वतः फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या कामराज यांनी तोच प्रश्न उलट बाजूने सोडवावयास घेतला. मूल शाळा सोडते ते गरिबीमुळे, हे निदान दोघांचेही होते. राजाजींनी त्यावर उपाय काढला तो मुलाला अर्धा दिवस कामावर धाडण्याचा. कामराज यांनी काढला तो त्याला शाळेतच दुपारचे जेवण देण्याचा. १९५६ सालापासून मद्रास राज्यात मध्यान्ह भोजनाची व्यवस्था वाढत गेली. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला आणि १९९५ साली केंद्राने ही कल्पना देशव्यापी केली. या उपायाला पैसा अधिक लागला, हे खरे. पण तो मिळवण्याचे साधन मद्रास राज्याच्या हाती आधीपासूनच होते: १९३९ साली राजाजींनीच आणलेला विक्रीकर.

हात कोठून काढावा

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. त्याच वर्षी, वयाची ऐंशी वर्षे पुरी झालेल्या राजाजींनी मिनू मसानी, प्रा. रंगा यांच्यासमवेत स्वतंत्र पक्ष स्थापन केला. ‘परमिट-लायसन्स राज’ हा त्यांनी रूढ केलेला शब्दप्रयोग आजही भाषेत आहे. १९६२ साली या पक्षाचे लोकसभेत १८ सदस्य होते; १९६७ साली ४४ झाले. त्याच निवडणुकीत राजाजींनी मद्रासमध्ये द्रमुकशी हातमिळवणी केली. ज्यांनी चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या शिक्षणयोजनेविरुद्ध निदर्शने केली होती त्यांच्याच हाती त्यांनी काँग्रेसला हरवण्यासाठी सत्ता जाऊ दिली. २५ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९१ साली उद्योगांवरील परवान्यांची राजवट बव्हंशी संपुष्टात आली, तेव्हा अनेकांनी त्यांचे स्मरण केले आणि ते योग्यच होते.

पण राजाजींचे स्मरण अर्धेच करून चालणार नाही. ज्याच्या घरात धान्य आहे, दुकान आहे, हुन्नर आहे, त्याच्यावरचा पहारा काढला तर तो मोकळा होतो. तेथे शासनाने मागे हटणे हे स्वातंत्र्य देणे असते. ज्या मुलाच्या वाट्याला वारशाने केवळ बापाचा हीन मानलेला धंदा आला आहे, त्याच्यावरून शासनाने हात काढला तर ते मूल स्वतंत्र होत नाही. ते वारशाच्या स्वाधीन होते. शासनाचा हात एका ठिकाणी बेडी असतो आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडण्यासाठी धरलेला एकमेव आधार असतो. राजाजींसारख्या कुशाग्र बुद्धीच्या, निःस्वार्थी आणि जातिभेदाविरुद्ध स्वतः कायदे केलेल्या पुरुषाला हा फरक दिसला नाही, कारण बचतीच्या हिशेबात तो दिसतच नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने आणि २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. तरीही २०१६ साली बालकामगार कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत, धोक्याचे नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मुलाने मदत करण्यास मुभा दिली आहे. कमी पटाच्या खेड्यांतील शाळा एकत्र कराव्यात, किशोरवयीन मुलांना लवकर हाताचे कौशल्य द्यावे, असे प्रस्तावही वेळोवेळी पुढे येतात. यांतील प्रत्येकामागे प्रामाणिक हिशेब असू शकतो, आणि परुळेकर समितीसारखी एखादी समिती त्या हिशेबावर उद्या शिक्कामोर्तबही करील. अशा वेळी शिक्षकांनी आणि पालकांनी खर्चाचे आकडे तपासावेतच. पण त्याआधी त्यांनी हे विचारले पाहिजे, की या योजनेनंतर मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलाचा शाळेतील वेळ वाढणार आहे की कमी होणार आहे. आणि तो कमी होणार असेल तर तितकाच तो योजना आखणाऱ्यांच्या मुलांचाही कमी होणार आहे काय. मद्रासच्या विधानसभेत १९५३ साली याच प्रश्नावर सरकार अडखळले होते.